रोज वाढणारा तक्ता आणि मागे राहणारा आलेख : मॅक्रो लिहावा का?

उरमोडीकाठ

मंडळी, जरा मदत हवी आहे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला माप घ्यायचं आणि शीटमध्ये भरायचं, हे काम पावसाळाभर माझ्याकडे असतं. १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे १२२ दिवस. ए रकान्यात तारीख, बी मध्ये पाऊस (मिमी), सी मध्ये १ जूनपासूनची बेरीज.

त्यावर तीन आलेख आहेत. रोजच्या पावसाचे स्तंभ, एकूण पावसाची रेषा आणि "गेले १५ दिवस". हा तिसरा रोज गावाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जातो आणि नऊ वाजले तरी आला नाही की फोन सुरू होतात.

कटकट अशी की रोज नवी ओळ भरली की तिन्ही आलेखांवर उजवी टिचकी, सिलेक्ट डेटा, रेंज (आलेख ज्या खान्यांतून आकडे घेतो तो पट्टा) एका ओळीने पुढे. तिसऱ्याची तर सुरुवात पण सरकवायची. मॅक्रो (आपल्या कृती नोंदवून पुन्हा करणारा छोटा प्रोग्राम) रेकॉर्ड करून पाहिला, पण त्याने "बी२ ते बी४६" असा ठाम पत्ता लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी चालवला की कालचाच आलेख पुन्हा. मॅक्रोला "जिथवर आकडे आहेत तिथवर" हे कसं सांगायचं?

कंट्रोलटी

मॅक्रो कशाला? तक्त्यात कुठेही टिचकी मारा, कंट्रोल दाबून टी दाबा, "माय टेबल हॅज हेडर्स" वर खूण ठेवा, ओके. आता हे साधं क्षेत्र न राहता टेबल झालं. खाली नवी ओळ लिहिली की टेबल वाढतं, आणि त्याच्या पूर्ण रकान्यांवर बेतलेले आलेखही आपोआप वाढतात. आधी काढलेले आलेखसुद्धा, त्यांची रेंज टेबलाएवढीच असेल तर. एक्सेल २००७ पासून ही सोय आहे. विषय संपला.

उरमोडीकाठ

धन्यवाद. पण तारखा आणि सी चं सूत्र मी मेच्या शेवटी सगळ्या १२२ ओळींना ओढून ठेवते. मग टेबल पहिल्याच दिवशी पूर्ण लांबीचं होतं ना? आणि "गेले १५ दिवस"चं काय?

कंट्रोलटी

तारखा आधी भरू नका मग. पंधरा दिवसांचं मात्र टेबलाने होणार नाही, ते खरं.

खानेसुमार

पंधरा दिवसांसाठी नाव दिलेली रेंज वापरा. फॉर्म्युलाज, नेम मॅनेजर, न्यू. (इथल्या संपादकात रोमन टाईप केलं की तो त्याचं मराठी करतो, त्यामुळे सूत्रं देवनागरीतच देतोय. समजून इंग्रजीत उतरवा.)

तारखा१५ : =ऑफसेट(नोंद!$ए$१, काउंटए(नोंद!$ए:$ए)-१५, ०, १५, १)

पाऊस१५ : =ऑफसेट(तारखा१५, ०, १)

पहिलं नाव ए मधल्या शेवटच्या पंधरा तारखा उचलतं, दुसरं त्याच ओळी एक रकाना उजवीकडे सरकून.

आता सगळे जिथे अडकतात ती जागा. सिलेक्ट डेटा उघडल्यावर वर "चार्ट डेटा रेंज" अशी लांब चौकट दिसते. तिथे नाव टाकू नका. एक्सेल ते नाव घेतं, त्याचा त्या क्षणीचा पत्ता काढतं आणि नाव फेकून देतं. उद्या आलेख जिथल्या तिथे. नाव द्यायचं ते डाव्या यादीत मालिका निवडून "एडिट" केल्यावर येणाऱ्या "सीरीज व्हॅल्यूज"मध्ये. तिथेही नुसतं नाव चालत नाही, आधी शीटचं नाव आणि उद्गारचिन्ह लागतं: =नोंद!पाऊस१५. ओके करून पुन्हा उघडलंत की शीटच्या जागी फाइलचं नाव आलेलं दिसेल. घाबरू नका, तसंच असतं. तारखांसाठी उजव्या यादीत एडिट, तिथे =नोंद!तारखा१५.

ऑफसेट शीटमध्ये काहीही बदललं की पुन्हा मोजायला बसतं. १२२ ओळींना फरक पडत नाही, हजारोंच्या तक्त्यात इंडेक्स वापरा.

झिम्माड

वाखु (वाचनखूण) साठवली. अवांतर: साडेआठला मोजलेला पाऊस कालच्या साडेआठपासूनचा असतो. म्हणजे १ जूनच्या ओळीतला बहुतेक पाऊस ३१ मेचा. आलेखाखाली तेवढं लिहा, नाहीतर "काल तर धो धो कोसळला आणि तुम्ही दहाच मिमी दाखवता" म्हणणारे भेटतात.

उरमोडीकाठ

@झिम्माड, भेटतात! दरवर्षी तेच दोघे.

@खानेसुमार, छान समजावलंत. पण तारखा आधीच भरलेल्या असल्याने काउंटए १२३ सांगतं आणि आलेखात सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा रिकामा दिसतो. बी रकाना मोजला तर? शिंतोडे पडून मोजण्याइतका पाऊस नसेल तेव्हा मी "टी" लिहिते. आणि कुणी नसल्यामुळे माप राहिलं तर खाना रिकामा ठेवते.

अजून एक, हे आधी सांगायला हवं होतं बहुतेक. शाळेतला संगणक विंडोजऐवजी उबुंटूवर आहे, त्यात एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस. एक्सेल फक्त घरी. तीच फाइल दोन्हीकडे जाते.

खानेसुमार

अर्रर्र. रामायण सगळं वाचून झाल्यावर.

"टी" चालेल. काउंट फक्त आकडे मोजतं, काउंटए मजकूरही मोजतं, म्हणून काउंटएच ठेवा. रिकामे खाने मात्र नडतात. मध्ये दोन दिवस राहिले की मोजणी दोनने कमी येते आणि आलेख दोन दिवस मागे थांबतो. "किती खाने भरले" आणि "शेवटचा भरलेला खाना कुठे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्हाला दुसऱ्याचं उत्तर हवंय:

=समप्रॉडक्ट(मॅक्स((बी२:बी१२३<>"")*रो(बी२:बी१२३)))

रिकामा नसलेल्या प्रत्येक खान्याचा ओळक्रमांक, त्यातला सगळ्यात मोठा. हे लिब्रेऑफिसमध्येही जसंच्या तसं चालतं.

आणि सी मध्ये तुम्ही "वरचा खाना अधिक आजचा" असं सूत्र ठेवलं असेल तर पहिल्या "टी"ला #व्हॅल्यू! येऊन खालचं सगळं कोसळेल. सम($बी$२:बी२) ठेवा, सम मजकुराकडे बघत नाही.

लिब्रेमामा

लिब्रेऑफिस म्हटलं की मला जाग येते.

पहिली वाईट बातमी. नाव दिलेल्या रेंजची युक्ती इथे नाही. माझ्याकडच्या कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचं एक्सेल म्हणा) आलेखाला सरळ पत्ता लागतो, नाव चालत नाही. तेव्हा ताईंचा मूळ प्रश्न बरोबर होता, इकडे मॅक्रोच लिहावा लागतो. आणि एक्सेलचा मॅक्रो कॅल्कमध्ये चालेल या भरवशावर राहू नका. थोडंफार चालतं, पण आलेखांच्या बाबतीत तर मुळीच विसंबू नये.

लिब्रेऑफिस बेसिकमध्ये काम साधारण असं होतं. धिसकंपोनंट म्हणजे उघडी फाइल. तिच्या शीट्समधून गेटबायनेम ने "नोंद" घ्या. क्रिएटकर्सर करा, गोटूएंडऑफयूज्डएरिया म्हणा, की कर्सर वापरलेल्या भागाच्या शेवटी जातो. त्याच्या रेंजअ‍ॅड्रेसचा एंडरो म्हणजे शेवटची ओळ. पण थांबा, तुमच्याकडे तारखा आणि सूत्रं शेवटपर्यंत ओढलेली आहेत, म्हणजे वापरलेला भाग पहिल्या दिवसापासून १२३ व्या ओळीपर्यंत. म्हणून तिथून वर चढायचं: बी रकान्यातला खाना रिकामा असेपर्यंत ओळ एकने कमी करत राहा. भरलेला सापडला की ती तुमची आजची ओळ.

मग गेटसेलरेंजबायपोझिशन(०, ०, १, शेवट) ने क्षेत्र घ्या. इथे मोजणी शून्यापासून असते आणि आधी रकाना, मग ओळ. शीटवरची ४६ वी ओळ मॅक्रोसाठी ४५ वी. ही एकाची चूक झाली की आलेख कायम एक दिवस मागे राहतो आणि माणूस पर्जन्यमापकाला दोष देत बसतो.

शेवटी शीटच्या चार्ट्समधून आलेख घ्या आणि सेटरेंजेस करा. त्याला एक पत्ता नाही, पत्त्यांची यादी लागते, म्हणून एकच असला तरी अ‍ॅरे( ) मध्ये घाला. एकूण पावसाच्या आलेखाला ए आणि सी हवेत, मधला बी नको, तिथे यादीत दोन पत्ते द्या. आलेख गेटबायइंडेक्स ने घ्या: पहिला ०, दुसरा १. नावाने घ्यायला गेलात तर उजव्या टिचकीतून तुम्ही दिलेलं नाव तो ओळखेलच असं नाही, आतून त्याचं नाव "ऑब्जेक्ट १" वगैरे वेगळंच असतं.

चालवायचा कधी? शीटच्या टॅबवर उजवी टिचकी, "शीट इव्हेंट्स", त्यात "कंटेंट चेंज्ड"ला मॅक्रो जोडता येतो. मी स्वतः शीटवर बटण ठेवतो.

मॅक्रो चालत नाही म्हणून सुरक्षा "लो" करून ठेवू नका. टूल्स, ऑप्शन्स, सिक्युरिटी, मॅक्रो सिक्युरिटी, तिथे दुसऱ्या टॅबवर विश्वासाचे फोल्डर असतात. पावसाचा फोल्डर त्यात टाका, बाकी सगळं "हाय" राहू द्या. शाळेचा संगणक आहे, पोरं पेनड्राइव्ह लावत असणार.

मंडळनिहाय

एक्सेलच्या बाजूचा मॅक्रो मी देतो, आमच्याकडे रोज चालतो. शेवटची ओळ शोधायची जुनी रीत (यातलं "रोज" म्हणजे इंग्रजीतल्या ओळी): सेल्स(रोज.काउंट, "बी").एंड(एक्सएलअप).रो. म्हणजे शीटच्या तळाशी, १०,४८,५७६ व्या ओळीवर जायचं आणि कंट्रोल दाबून वरचा बाण मारायचा. पहिला भरलेला खाना लागला की तीच ओळ. मधले रिकामे खाने आड येत नाहीत. वरून खाली आलात तर पहिल्या रिकाम्या खान्याच्या तोंडाशीच थांबाल, म्हणून खालूनच.

आलेखाला रेंज देताना सेटसोर्सडेटा टाळा. तो मालिका नव्याने मांडतो, स्तंभ आणि रेषा एकत्र असलेल्या आलेखाची वाट लागू शकते. त्यापेक्षा सीरीजकलेक्शन(१).व्हॅल्यूज आणि .एक्सव्हॅल्यूज एवढंच बदला. रंग, जाडी, दुसरा अक्ष, सगळं जागच्या जागी राहतं.

आळशी_विदागार

आणि तो मॅक्रो वर्कशीट_चेंज मध्ये (शीटमध्ये काही बदललं की आपोआप चालेल असा) ठेवलात की कंट्रोल झेडला विसरा. एक्सेलमध्ये मॅक्रोने फाइलला हात लावला की अनडूची यादी पुसली जाते. ४.५ च्या जागी ४५ भरलं, एंटर मारलं, मॅक्रो पळाला, आता मागे जायची वाट बंद. पाऊस रोज हाताने भरणाऱ्या माणसाला हे फार महाग पडतं. आलेख वेगळ्या शीटवर ठेवून त्या शीटच्या वर्कशीट_अ‍ॅक्टिव्हेट मध्ये मॅक्रो घाला. आलेख बघायला जाल तेव्हाच ताजा होईल, भरताना लुडबुड नाही.

पण मुळात मला हा सगळा धागाच उलटा चाललेला दिसतो. पहिल्या दोन आलेखांना रेंज सरकवायची गरजच काय? हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० सप्टेंबरला संपतो, दरवर्षी. तारखा आधीच भरलेल्या आहेत. रेंज दुसऱ्या ओळीपासून १२३ पर्यंत एकदाच द्या आणि विसरा. उजवीकडचा भाग रिकामा दिसेल, दिसू द्या. पावसाळा किती सरला ते त्यातूनच कळतं, आणि गेल्या वर्षीचा आलेख शेजारी ठेवला तर दोन्हींचा आडवा अक्ष सारखा येतो. रोज ताणला जाणारा आलेख जूनमध्ये जाड स्तंभ दाखवतो आणि सप्टेंबरमध्ये काड्या, तुलना कशी करणार?

अडचण फक्त एकूण पावसाच्या रेषेची. उद्यापासून पुढे ती आडवी पडून सप्टेंबरपर्यंत जाईल. सी२ मध्ये हे ठेवा:

=इफ(बी२="", एनए(), सम($बी$२:बी२))

#एन/ए (आकडा उपलब्ध नाही) असलेला बिंदू दोन्हीकडे काढला जात नाही, रेषा आजच्या तारखेला थांबते. #एन/ए दिसायला घाण वाटत असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंगने अक्षर पांढरं करा.

आणि पंधरा दिवसांसाठी मदतीचा छोटा तक्ता. आलेखाची रेंज कायम तीच पंधरा खान्यांची, आतले आकडे सरकतात. एफ१ मध्ये खानेसुमार यांचं सूत्र, थोडं वाढवून:

=मॅक्स(१६, समप्रॉडक्ट(मॅक्स((बी२:बी१२३<>"")*रो(बी२:बी१२३))))

जी२ मध्ये तारीख: =इंडेक्स($ए$१:$ए$१२३, $एफ$१-१५+रोज(जी$२:जी२))

एच२ मध्ये पाऊस: =इफ(इंडेक्स($बी$१:$बी$१२३, $एफ$१-१५+रोज(जी$२:जी२))="", एनए(), इंडेक्स($बी$१:$बी$१२३, $एफ$१-१५+रोज(जी$२:जी२)))

दोन्ही १६ व्या ओळीपर्यंत ओढा. आलेख जी२ ते एच१६ वर. मॅक्रो नाही, सुरक्षेची कटकट नाही, एक्सेल, कॅल्क, गूगल शीट्स सगळीकडे तेच.

उरमोडीकाठ

एच२ मध्ये इफ कशासाठी? आणि १६ का?

आळशी_विदागार

इंडेक्स रिकाम्या खान्यावर गेलं की शून्य परत देतं. माप राहिलेला दिवस कोरडा म्हणून आलेखावर जाईल. पावसाच्या नोंदीत "माप घेतलं नाही" आणि "पाऊस पडला नाही" यांची सरमिसळ झाली की ती वही कुणाच्या कामाची राहत नाही. पडला नाही तर ० लिहा, घेतलं नाही तर रिकामं. "टी" आलेखात शून्याच्या उंचीवर बसेल, ते योग्यच आहे.

१६ अशासाठी की जूनच्या पहिल्या आठवड्यात पंधरा ओळी मागे गेलात तर मथळ्याच्याही वर जाल आणि एरर येईल. मॅक्स(१६, …) मुळे तोवर १ ते १५ जून हीच खिडकी दिसते.

कंट्रोलटी

मान्य. टेबल अजून बरंच कामाचं आहे पण इथे नाही. (हे लिहायला कष्ट पडले.)

लिब्रेमामा

माझा एवढा टंकलेला मॅक्रो वाया! असो. विदागार, तुमची रीत बरोबर आहे, पण ती चालते कारण ओळी किती हे आधीच माहीत आहे. दूध संकलनासारखी बारमाही, न संपणारी नोंद असेल तर रेंज कुठेतरी वाढवावीच लागते.

त्यावर एक देशी उपाय, मॅक्रोशिवाय. आलेखाची रेंज शेवटच्या आकड्याच्या खालची एक रिकामी ओळ धरून द्या, आणि ती ओळ राखाडी करून ठेवा. नवी नोंद करताना राखाडी ओळीवर उजवी टिचकी, "इन्सर्ट रो अबव्ह". ओळ रेंजच्या आत घातली गेली की आलेख स्वतःच वाढतो, एक्सेलमध्येही आणि कॅल्कमध्येही. शेवटी फक्त एक रिकामी जागा दिसते. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब असाच ठेवतो.

झिम्माड

ताई, स्तंभांच्या आलेखात ६५ मिमीची आडवी रेषा घाला. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पंचनाम्याच्या वेळी गावात पहिला प्रश्न तोच असतो. डी रकान्यात सगळीकडे ६५, ती मालिका रेषेच्या प्रकारात. नुकसानभरपाईसाठी सरकारी मापकाचाच आकडा चालतो हे खरं, पण आपला आकडा ७० आणि मंडळाचा ४० असेल तर निदान विचारायला तरी कागद हातात असतो.

उरमोडीकाठ

विदागार यांच्या पद्धतीने तिन्ही आलेख मांडले, घरी आणि शाळेत दोन्हीकडे उघडून पाहिले. मधली दोन न घेतलेली मापं रिकामीच दिसतात, रेषा त्यांना ओलांडून जाते. ६५ ची रेषाही घातली. जुलैत चार स्तंभ तिच्या वर आहेत. व्हॉट्सॅपवर पाठवल्याबरोबर "हे लाल काय आहे" सुरू झालं.

मॅक्रो शिकायचा मात्र राहिला. @मंडळनिहाय, तुमच्याकडे तो नेमका कशासाठी लागतो?

मंडळनिहाय

आमच्याकडे प्रत्येक मंडळाची वेगळी शीट, प्रत्येकीवर दोन आलेख. सकाळी सगळ्यांचे आकडे एकदम येतात. रेंजचं म्हणाल तर विदागारांची रीत तिथेही चालेल, आणि पुढच्या हंगामाला तसंच करणार आहे. पण दर सोमवारी सगळ्या आलेखांचा उभा अक्ष एकसारखा करावा लागतो. एकाचा कमाल आकडा ५० आणि शेजारच्याचा २०० असला की छापील कागदावर दोन्हीकडे सारखाच पाऊस झालेला दिसतो. मॅक्रो सगळ्या शीट्समधला सर्वात मोठा आकडा काढतो आणि प्रत्येक आलेखाच्या अक्षेस(एक्सएलव्हॅल्यू).मॅक्सिममस्केल ला तोच देतो. हे सूत्रांनी होत नाही, अक्षाची कमाल मर्यादा खान्याला बांधता येत नाही.

फॉर ईच ने शीट्सवर फिरवताना दोन गोष्टी बघा. ज्या शीटवर आलेखच नाही (आमच्याकडे "सूचना" नावाची आहे) तिथे चार्टऑब्जेक्ट्स(१) म्हटलं की मॅक्रो तिथेच आपटतो, म्हणून आधी चार्टऑब्जेक्ट्स.काउंट शून्य नाही ना ते तपासा. दुसरं, फाइल एक्सएलएसएम (मॅक्रोसकट साठवणारा प्रकार) म्हणून साठवा आणि मेलवरून आलेली असेल तर उघडण्याआधी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "अनब्लॉक" करा. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो एक्सेल थेट अडवतं, पूर्वीसारखं "एनेबल कंटेंट"चं पिवळं बटण येत नाही. अशा वेळी लोकांना वाटतं मॅक्रो बिघडला आणि ते कोड उकरत बसतात.

उरमोडीकाठ

हे छानच. तालुक्यातल्या आणखी शाळांची मापं एकत्र करायचं चाललंय, तेव्हा अक्षाचं लागेलच. लिब्रेमामा, त्यासाठी कॅल्कमध्ये काय म्हणायचं?

लिब्रेमामा

बघा, आला की नाही माझा मॅक्रो कामाला. आलेख घेतल्यावर त्याचा गेटएम्बेडेडऑब्जेक्ट, त्यातला डायग्रॅम, त्यातला वायअ‍ॅक्सिस. ऑटोमॅक्स ला फॉल्स द्या आणि मग मॅक्स ला तुमचा आकडा. गेटएम्बेडेडऑब्जेक्ट विसरलात तर "प्रॉपर्टी ऑर मेथड नॉट फाउंड" येईल, कारण त्याच्याआधी हातात असतो तो आलेखाचा नुसता डबा. फाइल ओडीएसमध्ये (लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या प्रकारात) ठेवा, एक्सएलएसएक्स म्हणून साठवलीत तर मॅक्रो त्यातून गळून पडेल.

उरमोडीकाठ

म्हणजे घरून एक्सएलएसएक्स आणि शाळेतून ओडीएस असं नाही चालणार?

लिब्रेमामा

आकड्यांची फाइल एक्सएलएसएक्सच राहू द्या, दोन्हीकडे उघडते. मॅक्रो फाइलीत न ठेवता लिब्रेऑफिसच्या "माय मॅक्रोज"मध्ये ठेवा, तो त्या संगणकावर राहतो आणि उघडी असलेल्या कुठल्याही फाइलीवर चालतो. संगणक बदलला की तेवढा नव्याने टाकावा लागेल, म्हणून मजकुराची एक प्रत स्वतःला मेल करून ठेवा.